शाळेत वाहतूक येते ती फक्त हेल्मेट घालून

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की आमच्याकडच्या शाळांत ठरलेला कार्यक्रम होतो. आरटीओचे साहेब येतात, ठाण्यातले जमादार येतात, पोरं हात पुढे करून शपथ घेतात. निबंध आणि चित्रकला स्पर्धेची बक्षिसं वाटली जातात. एखाद्या गुरुजींच्या डोक्यावर हेल्मेट ठेवून फोटो निघतो, तो तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, आणि वाहतूक हा विषय पुढच्या जानेवारीपर्यंत कपाटात बंद होतो.

यात वाईट काही नाही. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, आणि त्यातली बरीचशी ऐन कमावत्या वयाची होती. शपथ हवीच. पण पहिली ते दहावी या दहा वर्षांत वाहतुकीने शाळेला एकच गोष्ट सांगायची, 'मरू नका', एवढंच? या क्षेत्रात पोट भरतं, हुद्दे असतात, बढत्या असतात, शिकण्यासारखं तंत्र असतं, हे सांगायला कोणी येत नाही. पोरांच्या मनात वाहतूक म्हणजे अपघात, दंड आणि पोलीस, असं समीकरण आपणच घट्ट करून ठेवतो. नंतर हेच आपण 'चालक मिळत नाहीत' म्हणून परिषदा भरवतो. देशात 22 लाख प्रशिक्षित चालकांची कमतरता आहे, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी सांगतात. गडकरी नागपूरचे. त्यांच्या नागपूरपासून तासाभरावरच्या हायस्कुलात जाऊन नववीच्या वर्गाला विचारा, वाहतुकीत काय काय नोकऱ्या असतात. ड्रायव्हर, कंडक्टर, आणि फार तर 'टोलवाला'. यादी संपली.

ही यादी इतकी तोकडी का, हे कोडं आहे, कारण चाकं तर पोरांच्या डोळ्यांपुढून जातात. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, जून 2025 मध्ये तो मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण झाला. त्याच्या दहा जिल्ह्यांपैकी पाच आपल्या विदर्भातले: नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा. सेलडोह, कारंजा, मेहकर या नावांचे फाटे आता मुंबईच्या ट्रकवाल्यालाही पाठ आहेत. नागपूरला अजनीत रेल्वेचं विद्युत इंजिनांचं शेड आहे, मोतीबागेत रेल्वेचा कारखाना आहे. हिंगण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, राज्यातल्या तीनांपैकी एक. नागपूरच्या विमानतळाला लागून असलेल्या मिहानमध्ये विमानं दुरुस्तीला येतात. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था दीड दशकाहून जास्त काळ वैमानिक घडवते आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान उडतं, आणि तिथेच वर्षाला 180 वैमानिक तयार करणारी संस्था उभारण्याचं एअर इंडियाने 2024 मध्ये जाहीर केलं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर कळंबपर्यंत फेब्रुवारी 2024 मध्ये गाडी धावली. चंद्रपूर-वणीचा कोळसा आणि गडचांदूरकडचं सिमेंट तर रात्रंदिवस हलतच असतं.

आपल्याकडे बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेवर लेख निघतात, गाणी होतात, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून निवेदनं दिली जातात. मलाही त्या नॅरोगेज गाडीचं प्रेम आहे. पण बंद पडलेल्या रेल्वेवर आपण जेवढं बोललो त्याच्या पावपट जरी चालू रेल्वेतल्या नोकऱ्यांवर बोललो असतो, तरी मूर्तिजापूर-दारव्हा पट्ट्यातली काही पोरं आज इंजिनात बसली असती.

याच खेड्यांतल्या मुलांना एका भरतीची मात्र इत्थंभूत माहिती असते, ती पोलिसांची. पहाटे पाचला कोणत्याही राज्यमार्गावर जा, पोरं धावताना दिसतील. 1600 मीटर किती मिनिटांत मारले की किती गुण, गोळा किती लांब गेला पाहिजे, उंची किती लागते, छाती किती फुगवायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. मुलींना 800 मीटरचं गणित ठाऊक असतं. कोणत्या शासकीय पोर्टलने हे शिकवलं? कुठल्याच नाही. गावात कोणीतरी एक जण लागला, चौकात त्याचा फ्लेक्स लागला, तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्याभोवती दहा पोरं जमली आणि त्याने सांगितलं. मग कोणीतरी तालुक्याला अकॅडमी काढली. बातमी पसरली ती माणसाच्या तोंडून, आणि तो माणूस आपल्यातला होता. त्याच्या घराचा उंबरा आपल्याला माहीत होता, दहावीला त्याला किती मार्क होते तेही माहीत होतं. 'त्याले जमलं तं मले काऊन नाही जमनार?' हा प्रश्न ज्या दिवशी पोराच्या मनात येतो, त्या दिवशी करिअर मार्गदर्शन झालेलं असतं. बाकी सगळी पत्रकं.

वाहतुकीतल्या नोकऱ्यांची माहिती शाळेपर्यंत पोचवण्याची पद्धत आधुनिक करायची म्हटलं की नागपूर-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे डोळ्यावर चढवायचं आभासी यंत्र येतं, चकचकीत ॲप येतं, फिरती व्हॅन येते. आणा, ना नाही. पण अनुभव काय सांगतो? राज्य मंडळाने 2016 मध्ये दहावीसाठी कलचाचणी सुरू केली. पोराचा कल कृषीकडे, कलेकडे, वाणिज्याकडे, ललित कलेकडे, आरोग्याकडे, तांत्रिक बाजूकडे की गणवेशधारी सेवांकडे, असं सात खान्यांत सांगणारा कागद हाती यायचा. काही वर्षांत ती बंद पडली. 2020 मध्ये युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आलं. पोर्टल वाईट नाही, त्यावर शेकडो व्यवसायांची माहिती आहे. पण ते उघडायला सरल क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक लागतो, फोन लागतो, आणि सगळ्यात आधी काय शोधायचं ते माहीत असावं लागतं. 'असिस्टंट लोको पायलट', म्हणजे रेल्वे इंजिनाचा सहायक चालक, हे शब्दच ज्या मुलीने ऐकले नाहीत, ती ते टाइप कशी करणार? आजचं घरातलं चित्र असं की फोन बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात असतो, आणि संध्याकाळी तासभर हाती आला तर त्यावर गाणी चालतात. ट्रक चालवता चालवता व्हिडिओ टाकणाऱ्यांचे व्हिडिओ चालतात. बस चालवण्याच्या खेळात लालपरीचा रंग चढवून पोरं आभासी घाट उतरतात. म्हणजे आवड आहे. आवडीला रस्ता दाखवणारं कोणी नाही.

तो रस्ता दाखवायचा म्हणजे नेमकं काय सांगायचं? 'या क्षेत्रात अमाप संधी आहेत' हे वाक्य सगळ्यात निरुपयोगी. पोराला लागते ती अडचणीची माहिती: कुठे दार आहे, ते किती वाजता उघडतं, आणि कुठे आपटून परत यावं लागतं. रेल्वेच्या लोको पायलटचंच घ्या. दहावी आणि ठरावीक ट्रेडमधला आयटीआय केलेला पोरगा असिस्टंट लोको पायलटची परीक्षा देऊ शकतो. पण त्याचे डोळे चष्म्याशिवाय दोन्हीकडून 6/6 लागतात, रंग ओळखता आले पाहिजेत, आणि लेझरने चष्मा घालवलेला असला तरी तो बाद. हे त्याला कधी कळतं? आयटीआयची दोन वर्षं, क्लासची दोन-तीन वर्षं, बापाने विकलेला कापूस, नागपूरच्या खोलीचं भाडं, परीक्षा पास, आणि मग रेल्वेच्या दवाखान्यात. हिरव्या-लालातला फरक न ओळखणं हा दोष मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त आढळतो आणि तो जन्मापासून असतो. म्हणजे आठवीत तपासला तरी उत्तर तेच येणार, फक्त दहा वर्षं आणि काही लाख रुपये वाचणार. शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतंच. त्याच दिवशी रंगीत ठिपक्यांच्या पाट्यांचं एक पुस्तक पोरांपुढे धरायला कितीसा वेळ लागतो? ज्याला इंजिन चालवता येणार नाही त्याला तेव्हाच सांगता येईल की बाबा रे, इंजिन दुरुस्त करता येईल, तिकडचे नियम वेगळे आहेत.

रस्त्यावरच्या वाहनांचं गणित आणखी विचित्र आहे. अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचं लायसन. त्यावर किमान वर्ष काढल्याशिवाय मोठ्या गाडीचं लर्निंग मिळत नाही, आणि कायद्याने विसाव्या वर्षाआधी प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवता येत नाही. एसटीत चालक व्हायचं तर जड वाहनाचं लायसन आणि त्यावरचा अनुभव पाहिजे. पोरगा दहावी होतो सोळाव्या वर्षी. मधली चार-पाच वर्षं त्याने काय करायचं? आज तो काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. मामाच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढतो. रात्री टायर ठोकतो, ढाब्यावर झोपतो, उस्तादाच्या शिव्या खातो आणि उस्तादाच्या सवयींसकट गाडी शिकतो. त्यातले काही उत्तम चालक होतात, हे खरं. काही खर्रा, दारू आणि पाठदुखी घेऊन घरी येतात, हेही खरं. या चार वर्षांच्या खड्ड्यावर पूल आहे, तो म्हणजे आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा वर्षाचा ट्रेड. गाडीचं पोट माहीत असलेला चालक आणि नुसतं स्टिअरिंग धरणारा चालक यांत फरक असतो, हे कोणताही मालक सांगेल. आता तर इलेक्ट्रिक बस येत आहेत. त्यांच्या बॅटरीला हात लावायला 'जुगाड' चालत नाही. पण ट्रेड निवडायची वेळ येते दहावीच्या निकालानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत, सायबर कॅफेत. तिथला पोरगा जो ट्रेड सुचवेल तो भरला जातो.

अप्रेंटिसचंही तसंच. नागपूर विभाग आणि मोतीबाग कारखान्यासाठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वे शिकाऊ उमेदवार घेते. परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे आणि आयटीआयचे गुण पाहून यादी लागते, दहावीला किमान 50 टक्के पाहिजेत, वय 15 ते 24. पुढे रेल्वेच्या पहिल्या पायरीच्या भरतीत अशा शिकाऊंसाठी 20 टक्के जागा राखलेल्या असतात. 'दहावीचे मार्क पुढे कोण इचारते?' असं म्हणत इंग्रजी-गणित काठावर काढणाऱ्या पोराला हे आठवीत कळलं असतं तर? आणि ज्याला विमानं खुणावतात त्याला अकरावीत गणित सोडू नको, हे सांगणारं कोण आहे? वैमानिक व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. विमान दुरुस्तीकडे जायचं तरी गणिताने पाठ सोडलेली नाही. आपल्याकडची कितीतरी हुशार मुलं 'नीट'च्या नादात जीवशास्त्र घेऊन गणित टाकतात. नीट हुकते आणि मिहानचं दारही तिथेच लागतं.

ही माहिती नाही, त्या पोकळीत शिरतो तो एजंट. 'रेल्वेत लावून देतो, साहेब ओळखीचे आहेत.' वावर गहाण पडतं, बनावट ऑर्डर हाती येते. अशा बातम्या विदर्भातल्या पानांवर नवीन नाहीत. मार्गदर्शनावर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांनी त्या बातम्यांमधले आकडे एकदा जोडून पाहावेत.

आता सगळ्यात गंभीर आक्षेपाकडे येतो. तो मला एका पालकसभेत ऐकू आला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'डायवरच बनाचं असतं तं शाळेत कायले धाडलं असतं?' ज्या समाजाने दोन पिढ्या हाल काढून, शिक्षणच बाहेर काढील या भरवशावर पोरं शिकवली, त्या समाजाला सांगायचं की तुमच्या पोराने ट्रक चालवावा? आणि हे सांगणाऱ्याचा स्वतःचा पोरगा पुण्याला संगणकावर. हा संशय रास्त आहे. खेड्यातल्या शाळेत 'कौशल्य' आणि शहरातल्या शाळेत 'करिअर' असा भेद आपली व्यवस्था बिनदिक्कत करते. मोटार वाहन नियमांत व्यावसायिक लायसनसाठी आठवी पासची अट होती. 2019 मध्ये ती काढली. न शिकलेल्या पण हात बसलेल्या माणसाची भाकरी अडू नये हा त्यामागचा विचार मला पटतो. पण शाळेच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच उरला की या कामाला शिक्षण लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की शाळेत जायचं तर शिडीचा नुसता खालचा दांडा घेऊन जाऊ नका. अख्खी शिडी न्या. त्याच वर्गात क्लीनर ते चालक ते स्वतःच्या दोन गाड्यांचा मालक झालेला माणूस बोलू दे, आणि त्याच दिवशी आगाराचा वाहतूक निरीक्षक, स्टेशन मास्तर, मिहानमधला तंत्रज्ञ, महामार्ग आखणारी अभियंता, मालाच्या नोंदी संगणकावर ठेवणारा बी.कॉम. झालेला पोरगाही बोलू दे. वैमानिक होण्याचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो हेही सांगा, आणि नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेने ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली होती, हेही सांगा. संत्री वरुडहून दिल्लीला जाईपर्यंत किती नासतात आणि का नासतात, हा प्रश्न सोडवणाराही वाहतुकीतलाच माणूस असतो. तो शेतकऱ्याच्या घरातला असला तर जास्त बरा, कारण नासाडीची किंमत त्याने घरात मोजलेली असते. कोणता दांडा धरायचा ते पोराने ठरवावं. आपण आधीच ठरवून जाऊ नये.

आणि खोटं बोलू नये. वाहतुकीतल्या नोकऱ्यांची जाहिरात करणाऱ्यांची ही मोठी खोड आहे. गुळगुळीत पत्रकावर हसरा चालक आणि चकाकती गाडी. खेड्यातल्या पोराने खरा चालक पाहिलेला असतो. त्याचा काका गाडीवर असतो. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खाजगी बस पेटून 25 माणसं गेली, तेव्हा ती बातमी त्याने घरात बसून पाहिलेली असते. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या, हेही त्याला माहीत आहे. 'मुलगा गाडीवर आहे' म्हटलं की स्थळ परत फिरतं, हे त्याच्या आईला माहीत आहे. अशा घरापुढे गुलाबी चित्र धरलं तर पहिल्याच दिवशी विश्वास जातो. त्यापेक्षा सांगा की काम थकवणारं आहे, घरापासून लांब ठेवणारं आहे. काय बदललं तेही सांगा: ऑक्टोबर 2025 पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. मे महिन्यात चंद्रपूर रोडवर ज्याने गाडी हाकली आहे त्याला ही सोय चैनीची वाटणार नाही. काय बदललं नाही तेही सांगा: ट्रक थांबवायला सुरक्षित जागा कमी आहेत, खाजगी मालकांकडे भविष्य निर्वाह निधी कापला जाईलच याची खात्री नाही, रात्रीच्या ड्युट्यांचे तास कोणी मोजत नाही. कंपन्यांना आणि महामंडळाला शाळेत यायचं असेल तर यातली निदान एखादी गोष्ट सुधारून यावं. पोरं प्रश्न विचारतील, आणि विचारायलाच पाहिजेत.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसनी खेड्यातल्या मुलींना आठवीच्या पुढे नेलं, यात वाद नाही. पास फुकट आहे. पण आगारात चालक-वाहक कमी पडले, गाडी नादुरुस्त झाली, की आधी रद्द होते ती आडवाटेच्या गावाची फेरी, कारण तिचं उत्पन्न कमी. मग पोरगी चार-सहा किलोमीटर चालते, पावसाळ्यात नाल्यापाशी अडते, आणि दोन-तीनदा असं झालं की बाप म्हणतो, 'बस्स झालं आता'. काळी-पिवळीत कोंबून पाठवायला त्याचं मन होत नाही. चालकांचा तुटवडा हा उद्योगाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. आमच्याकडे तो दहावीच्या पटाचा प्रश्न आहे. फेरी रद्द होते तेव्हा जिचं शिक्षण अडतं, तिनेच उद्या ती फेरी चालवायला काय हरकत आहे? 2019 मध्ये एसटीने यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी मुलींना चालकाचं प्रशिक्षण देण्याचा प्रयोग हाती घेतला होता. त्या मुलींना शाळाशाळांतून नेलं असतं तर केवढा फरक पडला असता! सुरेखा यादव या साताऱ्याच्या. कराडच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन रेल्वेत आल्या, आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट म्हणून ओळखल्या गेल्या, वंदे भारत चालवून सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाल्या. त्यांचं नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीचं 'सामान्य ज्ञान' म्हणून येतं. ती पदविका कशाची होती, पुढे काय करावं लागलं, हे त्या ओळीत नसतं. मुलींसाठी आणखी एक गोष्ट पत्रकात कधीच नसते आणि प्रत्येक मुलीच्या मनात असते: मुक्कामी गाडीवर बाईने रात्री झोपायचं कुठे, स्वच्छतागृह कुठे? याचं उत्तर तयार नसेल तर आगार व्यवस्थापकाने शाळेत भाषणाला जाऊ नये, आधी ते तयार करावं.

शिक्षकांवर आणखी एक काम लादू नका, अशी तक्रार येईल आणि ती बरोबर आहे. जनगणनेपासून पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत त्यांच्या मानगुटीवर पुरेसं बसलेलं आहे. म्हणून नवा तास मागू नये. जे आहे त्यातच हे बसतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे सांगितले आहेत. धोरणात उदाहरणं दिली आहेत ती सुतार, माळी, कुंभार आणि कलाकार यांची. छान आहेत, जरा जुन्या वळणाची आहेत. कारंजाच्या गॅरेजमधला डिझेल पंपाचा मिस्त्री, बडनेऱ्याचा पॉइंट्समन, सिमेंटच्या ट्रकांचा हिशेब ठेवणारा मुनीम हेही आजच्या विदर्भाचे स्थानिक कारागीरच. त्यांच्याकडे दोन दिवस गेले तर धोरण मोडत नाही.

नववीच्या विज्ञानाचं तर काही बदलायचंच नाही. पहिलाच धडा 'गतीचे नियम', दुसरा 'कार्य आणि ऊर्जा'. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र पोरं घोकतात आणि विसरतात. समृद्धीवर कारला 120 आणि मालट्रकला 80 ची मर्यादा आहे. साठच्या वेगातली गाडी थांबवायला ब्रेक लागल्यावर जेवढं अंतर लागतं, त्याच्या चौपट एकशेवीसला लागतं, हे फळ्यावर मांडलं की त्याच तासात भौतिकशास्त्र होतं, रस्ता सुरक्षा होते, आणि गाडी चालवायला डोकं लागतं हेही कळतं. भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक यांच्या गणितात वस्तुमान येतं. जानेवारीत येणाऱ्या आरटीओच्या निरीक्षकाने शपथेऐवजी हा तास घेतला तर? मोटार वाहन निरीक्षक हा अभियांत्रिकी शिकलेला माणूस असतो. त्याला शपथ देण्यापलीकडे पुष्कळ काही येतं. आपण त्याला तेवढंच करायला लावतो.

राहिला पैशाचा आणि गाडीचा प्रश्न. शाळांच्या सहली निघतातच. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते, आणि विदर्भातल्या शाळा त्या गाडीने शेगाव, सेवाग्राम, रामटेक करतात किंवा नागपूरला येऊन दीक्षाभूमी, रमण विज्ञान केंद्र, महाराजबाग पाहतात. काही शाळा मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही दाखवतात. पोरं जुन्या वाफेच्या इंजिनावर चढून फोटो काढतात. त्या संग्रहालयापासून अजनीचं शेड काही मैलांवर आहे. तिथे आज, आत्ता, विदर्भाच्याच खेड्यांतून आलेले फिटर आणि इलेक्ट्रिशियन चालू इंजिनांखाली उतरून काम करत असतात. हिंगण्याच्या कार्यशाळेत एसटीचं मोडकं अंग पुन्हा उभं राहतं. सुरक्षेचे नियम आहेत, परवानगी लागते, मान्य. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी दिवाळीआधी यादी पाठवली, रेल्वे आणि एसटीने महिन्यातला एक दिवस ठरवून दिला, आणि दाखवायला साहेबाऐवजी आर्वीचा, दिग्रसचा, चिमूरचा कामगार दिला, तर सहलीच्या त्याच गाडीत, त्याच डिझेलमध्ये हे होऊन जातं. शेगावला जाणाऱ्या शाळांसाठी बडनेरा, अकोला वाटेतच आहेत.

यादी मात्र आठवी-नववीच्या वर्गांची असावी. दहावीची सहल निघेपर्यंत उशीर झालेला असतो.